मफलर विणायच्या आधी वही उघडा

पहिला मफलर मी मामंजींसाठी विणला. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या आठ नंबरची सुई, चाळीस टाके, दोन गुंडे. मी बेळगावच्या खडेबाजारातून आठ नंबरच्या सुया आणि मरून लोकरीचे दोन गुंडे आणून त्याच रात्री टाके घातले. चार बोटं विणून झाल्यावर मामंजींनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "गळ्याला पुठ्ठा बांधल्यागत होणार की गं हे."

चूक कुठं झाली ते शहापुरातल्या आमच्या शेजारच्या आक्कांनी सांगितलं. आपल्याकडच्या दुकानातले सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि आठ नंबर म्हणजे ४ मि.मी. त्या बाई अमेरिकेतल्या, त्यांचा आठ नंबर ५ मि.मी.चा, आणि तिकडं नंबर वाढला की सुई जाड. माझी सुई बारीक, म्हणून वीण घट्ट झाली. म्हणून नंबर विसरा, मिलीमीटर विचारा. दुकानदारालाही माहीत नसेल तर पट्टीवर सुईची जाडी मोजून बघा.

गुंड्यांचंही तेच झालं. त्यांचा गुंडा शंभर ग्रॅमचा, माझा पन्नासचा. मफलर निम्मा झाला आणि लोकर संपली. पुन्हा दुकानात गेले तर उत्तर आलं, "त्या लॉटचं संपलंय की ओ." लॉट म्हणजे एकाच वेळी रंगवलेली लोकर. दुसऱ्या लॉटचा मरून दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अगदी सारखा वाटला. घरी उन्हात धरला तेव्हा दोन रंगांची सीमारेषा दिसली. सीमाभागात राहून आणखी एक.

आता माझी पद्धत सांगते. लोकरीचा एकच गुंडा आणायचा आणि ३३ टाके घालून साधारण १५ सें.मी.चा चौकोन विणायचा. मफलरला दोन्ही बाजूंनी सुलटच विणते. एक ओळ सुलट, एक उलट असं केलं की कडा गुंडाळतात आणि इस्त्री करूनही सरळ होत नाहीत. चौकोन धुवून सपाट वाळवायचा. ओला असताना दोरीवर टांगला तर तो ताणला जातो आणि मापच चुकतं. वाळला की मधल्या भागात १० सें.मी.त किती टाके बसतात ते मोजायचं. काठ धरून मोजू नका, काठाचे टाके बहुतेक वेळा सैल असतात. माझे २२ येतात. २० सें.मी. रुंदीला ४४, आणि काठाचे दोन धरून ४६.

मग तोच चौकोन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. माझा १४ ग्रॅम भरला. चौकोनाचं क्षेत्रफळ १५ गुणिले १५ म्हणजे २२५. मफलर २० बाय १६० चा, म्हणजे ३२००. भागाकार १४.२, त्याला चौदानं गुणलं की साधारण २०० ग्रॅम. गोंड्यांना वीसेक ग्रॅम आणि थोडी जास्तीची धरून पन्नासचे पाच गुंडे, सगळे एकाच लॉटचे. गुंड्याच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो, तो वहीत उतरवून ठेवा. पहिला गुंडा ज्या लॉटचा त्याच लॉटचे बाकीचे त्याच आठवड्यात घ्या. थंडी सुरू झाली की लोकर भराभर संपते.

लांबी किती ठेवायची यावर आक्कांचा आणि माझा वाद आहे. त्या म्हणतात माणसाच्या उंचीएवढी. मला बेळगावच्या थंडीला १५०-१६० पुरे वाटतात, त्याहून जास्त झालं की स्कूटरवर टोक वाऱ्यानं तोंडावर येतं. गोंड्यांचे धागे मात्र विणायच्या आधीच कापून पिशवीत ठेवते. मग उरलेली लोकर निर्धास्त संपवता येते. शेवटचे टाके बंद करायला रुंदीच्या चौपट धागा राखायचा एवढंच.

मामंजींचा तो दोनरंगी मफलर अजून आहे. खानापूरला जाताना ते तो गळ्यात घालतात, दुसऱ्या लॉटचं टोक कोटाच्या आत खोचून.