सॅपोनिफिकेशनच्या प्रॅक्टिकलमध्ये रेट कॉन्स्टंट स्थिर येत नसेल तर

सॅपोनिफिकेशन म्हणजे एस्टर आणि अल्कलीची अभिक्रिया. बॅच रिॲक्टर (सगळं एकदाच भरायचं भांडं), इथाइल ॲसिटेट हा एस्टर आणि कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), दोन्ही 0.1 मोलर, समान आकारमान. 1 भागिले कॉस्टिकची संहती विरुद्ध वेळ हा आलेख सरळ यायला हवा, त्याच्या चढावरून रेट कॉन्स्टंट (अभिक्रियेच्या वेगाचा स्थिरांक) काढायचा. माझा आलेख वाकायचा.

कॉस्टिक नव्याने बनवलं, इंडिकेटर बदलला, तरी तेच. राजारामपुरीतल्या खोलीवर तीन रात्री तोच आलेख काढून जीव मेटाकुटीला आला.

चूक सँपलमध्ये होती. 25 अंशांना या मिश्रणाचं अर्धआयुष्य (निम्मं कॉस्टिक संपायला लागणारा वेळ) जेमतेम 3 मिनिटं, आणि टायट्रेशन (ब्युरेटने थेंब थेंब द्रावण सोडून मोजणं) करेपर्यंत फ्लास्कमध्ये अभिक्रिया चालूच!

आधी दोन्ही द्रावणं वॉटर बाथमध्ये 15 मिनिटं ठेवा. फ्लास्कमध्ये 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल 10 मिली मोजून तयार ठेवा. रिॲक्टरमधलं 10 मिली सँपल थेट त्यात सोडा, म्हणजे आम्ल कॉस्टिक लगेच संपवून अभिक्रिया तिथेच थांबवेल, आणि त्याच क्षणाची वेळ लिहा. मग फिनॉल्फ्थॅलिन हा इंडिकेटर घालून 0.05 नॉर्मल कॉस्टिकने उरलेलं आम्ल टायट्रेट करा. पहिली फिकट गुलाबी छटा दिसली की थांबा. उरलेल्या एस्टरमुळे ती हळूहळू उडते, तिच्यामागे लागू नका.

कॉस्टिकची संहती = (1 − 0.05 × ब्युरेट रीडिंग) ÷ 10. सुरुवातीचं रीडिंग 10 मिलीच्या थोडं वर येतं, पुढे वाढत जातं.

रेष सरळ आली.