थिनरचा डबा आणि पिंजऱ्यातला उंदीर : प्राण्यांवरील श्वसन-चाचण्यांचे आकडे कसे वाचावेत

थिनर, रबर सोल्युशन किंवा रंग काढण्याचे रिमूव्हर यांच्यासोबत उत्पादकाकडून जे माहितीपत्रक मिळते, ज्याला सगळे एमएसडीएस म्हणतात, त्याचा अकरावा विभाग विषारीपणाविषयी असतो. ‘रॅट, श्वसनमार्गे, एलसी-५०, ४ तास’ अशा तुटक ओळी तेथे दिलेल्या असतात आणि बहुतेक गाळ्यांत त्या कोणी वाचत नाही. वाचणारेही साधारणपणे दोनच निष्कर्ष काढतात : उंदीर मेले म्हणजे आपणही मरणार, किंवा उंदरांना दिलेली वाफ एवढी भरमसाट होती की आपल्याला काही होणार नाही. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. मुंबईत पॉलिश, स्क्रीन प्रिंटिंग, स्प्रे पेंटिंग, चप्पल-बूट अशा कामांत असलेल्यांनी आणि त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्यांनी या ओळी कशा वाचाव्यात, हे येथे सांगितले आहे.

अकराव्या विभागाकडे वळण्यापूर्वी तिसरा विभाग पाहावा, कारण घटकद्रव्ये तेथे दिलेली असतात. प्रयोगशाळेतील चाचण्या बहुधा एकाच शुद्ध द्रावकावर (सॉल्व्हंटवर) होतात, तर आपल्या डब्यात टोल्युइन, एखादे कीटोन, एखादे अल्कोहोल आणि एखादे अॅसिटेट यांचे मिश्रण असते. घटकांची नावे कळल्याशिवाय कोणता अहवाल शोधायचा हेच कळत नाही. सुट्या कॅनमध्ये भरून विकल्या जाणाऱ्या थिनरसोबत हे पत्रक नसते, तेव्हा ते मागून घ्यावे, आणि विक्रेता देत नसेल तर तो माल न घेणे बरे.

नंतर प्राणी कोणता होता ते पाहावे. मराठीत आपण सरसकट ‘उंदीर’ म्हणतो आणि येथेच पहिली गफलत होते, कारण रॅट म्हणजे मोठा पांढरा उंदीर आणि माऊस म्हणजे त्याच्याहून पुष्कळ लहान उंदीर, आणि या दोघांची शरीरे एकाच वाफेला वेगवेगळी उत्तरे देतात. रिमूव्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या मिथिलीन क्लोराइडचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने, म्हणजे एनटीपीने, १९८६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रॅटना १,०००, २,००० आणि ४,००० पीपीएम, तर माऊसना २,००० आणि ४,००० पीपीएम वाफ सुमारे दोन वर्षे देण्यात आली. माऊसच्या फुप्फुसांत आणि यकृतात गाठी झाल्या, तर रॅटमध्ये प्रामुख्याने स्तनांतील सौम्य गाठी वाढलेल्या दिसल्या. हा पदार्थ ज्या एन्झाइममुळे पेशीला घातक रूप घेतो, ते माऊसच्या शरीरात माणसापेक्षा फार जोमाने काम करते. म्हणून माऊसचा आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र ते एन्झाइम माणसांतही असते, त्यामुळे तो निकाल रद्दीत टाकताही येत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या द्रावकाला ‘माणसात कर्करोगकारक असण्याचा संभव’ दर्शवणाऱ्या २अ गटात ठेवले आहे.

त्यापुढचा आकडा हवेतील प्रमाणाचा. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे किती भाग. त्याचे घनमीटरमागे मिलिग्रॅम करायचे असतील तर पीपीएमला रेणुभाराने गुणून २४.४५ने भागावे. टोल्युइनचा रेणुभार ९२.१४ असल्याने १ पीपीएम म्हणजे सुमारे ३.७७ मिलिग्रॅम. उंदरांना दिलेले १,२०० पीपीएम ऐकायला अवाढव्य वाटते, म्हणून ते आपल्या गाळ्यात उतरवून पाहावे. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब आणि दहा फूट उंच गाळ्यात साधारण साडेबेचाळीस घनमीटर हवा मावते. दारे-खिडक्या बंद असताना तेथे पाव लिटर टोल्युइन पूर्ण उडून गेले, तर हवेत १,३०० पीपीएमहून अधिक वाफ होते. १०० पीपीएमसाठी तर चहाचे चार चमचेसुद्धा लागत नाहीत. हवा खेळती असेल तर हे प्रमाण अर्थातच कमी राहते, पण पावसाळ्यात झड येते म्हणून शटर अर्धे ओढून पॉलिश करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावाच. प्रयोगाच्या कक्षातील तापमान बहुधा २२ अंशांच्या आसपास राखलेले असते. आपल्याकडे ते क्वचितच तेवढे खाली येते आणि २० अंशांवरून ३० अंशांवर गेल्यास टोल्युइनचा बाष्पदाब सुमारे २.९वरून ४.९ किलोपास्कल होतो, म्हणजे उघड्या डब्यातून वाफ त्याच प्रमाणात अधिक झपाट्याने निघते.

एलसी-५० म्हणजे ठरावीक तासांत निम्मे प्राणी दगावतील असे हवेतील प्रमाण. हा आकडा टाकी साफ करण्यासारख्या आणीबाणीच्या कामासाठी उपयोगी आहे, परंतु रोज थोडी वाफ वर्षानुवर्षे घेतल्याने मज्जातंतूंचे, कानांचे किंवा रक्ताचे काय होते याविषयी तो अक्षरही सांगत नाही. शितावरून भाताची परीक्षा येथे चालत नाही. त्यासाठी २८ दिवसांचे, ९० दिवसांचे आणि दोन वर्षांचे अभ्यास शोधावे लागतात.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो चाचणीच्या वेळापत्रकाला. एनटीपीने १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या टोल्युइनच्या अभ्यासात रॅटना ६०० आणि १,२०० पीपीएम वाफ रोज साडेसहा तास, आठवड्यातून पाच दिवस, दोन वर्षे दिली गेली आणि कर्करोगाचा पुरावा मिळाला नाही. हे वाचून हायसे वाटते खरे, पण त्यात न लिहिलेली एक गोष्ट वाचायला हवी : त्या रॅटना दररोज साडेसतरा तास आणि शिवाय शनिवार-रविवार स्वच्छ हवा मिळत होती. मुंबईतल्या धारावीत किंवा ठक्करबाप्पा कॉलनीत खाली काम आणि वर पोटमाळ्यावर झोप, अशी ज्यांची व्यवस्था आहे त्यांना ही सुट्टी मिळत नाही.

सुट्टीने किती फरक पडतो ते चपलांच्या सोल्युशनमध्ये आढळणाऱ्या एन-हेक्झेनवरून समजते. ४०० ते ६०० पीपीएम वाफ दिवसरात्र घेणाऱ्या रॅटमध्ये काही आठवड्यांत पायांतील मज्जातंतू सुजून निकामी होऊ लागले. ५०० पीपीएम, म्हणजे जवळपास तेवढीच वाफ, रोज ९ तास आणि आठवड्यातून ५ दिवस अशी ३० आठवडे दिलेल्या रॅटमध्ये मात्र तशी इजा आढळली नाही. शरीरात एन-हेक्झेनपासून २,५-हेक्झेनडायोन तयार होते आणि मज्जातंतूंना इजा करते ते हेच. मधल्या स्वच्छ तासांत शरीराला ते बाहेर टाकण्याची संधी मिळते. जपानमध्ये १९६०च्या दशकात घरातच सँडल चिकटवणाऱ्या कामगारांमध्ये हातापायांना बधिरपणा आणि अशक्तपणा येण्याची साथच आढळली होती, आणि कामाची व राहण्याची जागा एकच असणे म्हणजे काय ते त्यावरून ध्यानात यावे.

खंडित चाचणीचा आकडा अखंड संपर्काशी ताडून पाहायचा असेल तर त्याला रोजच्या तासांच्या आणि आठवड्यातील दिवसांच्या प्रमाणाने गुणतात. ६०० पीपीएमला आधी साडेसहा भागिले चोवीसने आणि मग पाच भागिले सातने गुणले की सुमारे ११६ उरतात. पोटमाळ्यावर झोपणाऱ्यासाठी ताडून पाहण्याचा आकडा हा आहे, ६०० नव्हे. हा ढोबळ हिशेब आहे हेही लक्षात ठेवावे. गुंगी किंवा चक्कर यांसारखे परिणाम त्या घडीला मेंदूत किती द्रावक आहे यावर अवलंबून असतात, त्यामुळे त्यांना तासांचा गुणाकार लावू नये.

परिणाम कोणत्या अवयवावर दिसला हेही तपासावे. टोल्युइनच्या त्याच अभ्यासात रॅटच्या नाकातील अस्तराची झीज दिसली. रॅट केवळ नाकानेच श्वास घेतो आणि त्याच्या नाकाची रचना आपल्यापेक्षा गुंतागुंतीची असते, तेव्हा नेमकी तीच इजा तेवढ्याच वाफेला आपल्याला होईल असे धरू नये. काही हायड्रोकार्बनांमुळे फक्त नर रॅटच्या मूत्रपिंडात गाठी होतात, कारण त्यांच्यात अल्फा-२यू-ग्लोब्युलिन नावाचे प्रथिन मुबलक असते, आणि माणसात ते नसल्यामुळे तेवढ्याच आधारावर माणसाला धोका ठरवत नाहीत. कानाचे मात्र उलट आहे, तेथील इजा बाजूला सारता येत नाही. हजाराहून अधिक पीपीएम टोल्युइन काही आठवडे घेतलेल्या रॅटमध्ये अंतर्कर्णातील बाह्य केसपेशी, म्हणजे ऐकण्यासाठी लागणाऱ्या सूक्ष्म पेशी, मरतात आणि ते नुकसान भरून येत नाही. गिनीपिगमध्ये तशी इजा दिसली नाही, म्हणजे चाचणी केवळ त्यांच्यावर झाली असती तर ती नजरेतून निसटली असती. वाफेच्या जोडीला गोंगाट असेल तर रॅटमधील बहिरेपण दोहोंच्या बेरजेपेक्षाही जास्त भरले. छापखान्यात मशीनचा आवाज आणि शाईचा वास एकत्रच असतात, म्हणून तेथील श्रवणचाचणी केवळ डेसिबल पाहून ठरवू नये.

मिश्रणाची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. रॅटमध्ये टोल्युइन सोबत असले की एन-हेक्झेनचे घातक रूपांतर मंदावते, तर मिथाइल इथाइल कीटोन सोबत असले की मज्जातंतूंची इजा लवकर आणि अधिक होते. म्हणजे ‘हेक्झेन कमी केले आहे’ एवढ्या आश्वासनावर विसंबता येत नाही, त्याच्या जागी काय घातले आहे तेही विचारावे लागते.

ज्या प्रमाणाला प्राण्यात अपाय दिसला नाही, ते माणसासाठी सुरक्षित प्रमाण नव्हे. प्राणी आणि माणूस यांतील फरकासाठी दहाने आणि माणसामाणसांतील फरकासाठी पुन्हा दहाने भागण्याची पद्धत आहे, आणि माहिती जास्त असेल तर हे भाजक लहानही घेतात. कामाच्या जागेच्या मर्यादा ठरवताना माणसांवरील निरीक्षणेही धरली जातात. टोल्युइनसाठी १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या (२०२५मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांची सरासरी १०० पीपीएम दिलेली होती, तर अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस २० पीपीएमची आहे. माझा सल्ला दुसरा आकडा धरण्याचा राहील. ‘वास येत नाही’ हा निकष तर मुळीच धरू नये, कारण थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावते.

एनटीपीचे मूळ अहवाल इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्यांतील सारांश, वेळापत्रकाचा तक्ता आणि अवयवनिहाय निष्कर्ष एवढे तरी पाहावे. औद्योगिक आरोग्याविषयीचे मार्गदर्शन सायन येथील केंद्रीय श्रम संस्थेत मिळू शकते. हवा मोजून घ्यायची असेल तर नमुना घेणारा पंप कामगाराच्या कमरेला आणि त्याची नळी कॉलरपाशी, नाकाजवळ लावलेली असावी. गाळ्याच्या दारात ठेवलेला पंप दाराचीच हवा मोजतो. आणि कोणी पोटमाळ्यावर झोपत असेल, तर दुसरा नमुना काम संपल्यावर, शटर लावल्यानंतर, त्याच्या उशाशी घ्यावा.