हाय-पॉवर पिस्तुलाच्या मॅगझिनची स्प्रिंग बदलताना

माझ्याकडचं इंग्लिस कंपनीचं हाय-पॉवर टोरांटोत बनलेलं, दुसऱ्या महायुद्धातलं. शेवटच्या दोन गोळ्या नीट वर येईनात, तेव्हा स्प्रिंग बदलायला घेतली.

मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, १३च्या १३ गोळ्या बाहेर, चेंबरही (नळीतली गोळीची जागा) रिकामं बघा. डोळ्यांवर चष्मा हवाच. मॅगझिनच्या तळपट्टीच्या भोकातलं बटण बोथट टोकाने दाबून पट्टी पुढे सरकवा, पण अंगठा स्प्रिंगवरून हलवू नका! माझी एकदा थेट छताला लागली. ती कशी बसली होती त्याचा आधी फोटो काढा. उलटी बसली तर गोळ्या तिरक्या अडकतात.

जुनी नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली, तर चांगली दोन बोटं आखूड! भरून ठेवल्याने नव्हे, वारंवार दबून-सुटून ती थकते.

आत तेलाचा पुसट हात, लगेच कोरडं फडकं. ओलं तेल कचरा धरतं.