लीड्समध्ये एमली मूरचा सिग्नल नीट घ्यायचा असेल तर

16 जुलै 2023. इंग्लंडमधल्या लीड्सचं आमचं घर. विम्बल्डनची फायनल, अल्कराझ विरुद्ध जोकोविच, पाचवा सेट. बाबा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आले होते आणि दुपारी दोनपासून त्यांनी खुर्ची सोडली नव्हती. नेमके तेव्हाच चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला आणि पडदा काळा झाला. बाबा उठले आणि खिडकीच्या काचेला चिकटवलेला चपटा अँटेना हळूहळू सरकवू लागले. पुण्यात गच्चीवर चढून सिंहगडाकडे अँटेना वळवणाऱ्या पिढीतले ते. त्या काळी पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की हात थांबवायचा, एवढं सोपं होतं. इथे मुंग्याच नव्हत्या. एक तर स्वच्छ चित्र, नाही तर काहीच नाही. सामन्याचा शेवट आम्ही फोनवर बघितला.

पुढच्या आठवड्यात मी आणि बाबांनी मिळून सगळं मुळापासून केलं, आणि त्यानंतर ओळखीच्या सात-आठ मराठी घरांतही करून दिलं. प्रत्येक ठिकाणी चुका जवळजवळ त्याच निघाल्या, म्हणून हे लिहिते आहे.

आधी भिंतीकडे बघा. भाड्याच्या घरात बऱ्याचदा चिमणीवर जुना अँटेना असतो आणि त्याची वायर हॉलमधल्या सॉकेटपर्यंत आलेली असते. दहा पाउंडांची वायर जोडून काम होत असेल तर नवा अँटेना कशाला? फ्लॅट असेल तर इमारतीचा सामाईक अँटेना असतो. तो बिघडला तर घरमालक किंवा एजंटला लिहून कळवायचं, आपण हात लावायचा नाही. टीव्ही भारतातून आणला असेल तर त्यात डीव्हीबी-टी2 ट्यूनर (अँटेनाचा डिजिटल सिग्नल वाचणारा भाग) आहे का ते तपासा, कारण इथले एचडी चॅनेल त्याशिवाय लागत नाहीत. आणि फ्रीव्ह्यूला, म्हणजे अँटेनावर दिसणाऱ्या इथल्या चॅनेलांना, महिन्याचं बिल नसलं तरी कुठलाही चॅनेल थेट बघायला टीव्ही लायसन्स लागतं, हे नव्याने आलेल्यांना कुणी सांगत नाही.

आता मनोरा. लीड्स, ब्रॅडफर्ड, वेकफील्ड, हडर्सफील्ड या पट्ट्याला सिग्नल येतो तो एमली मूरहून. एम1 रस्त्यावरून जाताना दिसणारा, 330 मीटर उंच, निमुळता काँक्रीटचा खांब तो हाच. आधी तिथे लोखंडी मास्ट होता. मार्च 1969मध्ये बर्फाच्या ओझ्याने आणि वाऱ्याने तो कोसळला, म्हणून हा काँक्रीटचा बांधला आणि 1971पासून तो चालू आहे. आमचं घर उत्तर लीड्समध्ये, मूरटाउनला. तिथून तो साधारण 26 किलोमीटरवर, दक्षिणेला पण किंचित पश्चिमेकडे, फोनच्या कंपासवर 200 अंशांच्या आसपास येतो. वेकफील्डहून तोच नैर्ऋत्येला दिसेल. शेजाऱ्यांच्या डिश बघून दिशा ठरवू नका, त्या उपग्रहासाठी आग्नेयेकडे वळलेल्या असतात. शेजाऱ्यांच्या चिमण्यांवरचे काड्यांचे अँटेना बघा. चारपैकी तीन एकाच बाजूला वळलेले असतील तर ती बाजू बरोबर.

आमचा चपटा अँटेना लावला होता उत्तरेकडच्या खिडकीत! म्हणजे सिग्नल आख्खं घर ओलांडून त्याच्यापर्यंत पोचत होता, आणि कुणी हॉलमधून चालत गेलं तरी फरक पडत होता.

काड्यांच्या अँटेनाची दोन टोकं वेगळी असतात हे लक्षात ठेवा. आखूड काड्यांचं टोक मनोऱ्याकडे करायचं. एका घरी तो नेमका उलटा लावलेला सापडला, आणि तरी त्यावर बीबीसी दिसत होतं, त्यामुळे वर्षभर कुणाला संशय आला नव्हता. एमली मूरसाठी काड्या जमिनीला समांतर, आडव्या हव्यात. उभ्या काड्यांचा अँटेना दिसला तर समजा, ते घर एखाद्या छोट्या रिले केंद्राकडे, म्हणजे मोठ्या मनोऱ्याचा सिग्नल पुढे पाठवणाऱ्या मनोऱ्याकडे बघतंय. हेब्डन ब्रिज, टॉडमॉर्डन अशी खोऱ्यातली गावं डोंगराच्या आड येतात, तिथे रिलेशिवाय चालत नाही. पण बऱ्याच रिलेंवर मोजकेच चॅनेल मिळतात, म्हणून मुख्य मनोरा दिसत असेल तर तोच धरायचा.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग बाबांना पटायला दोन दिवस लागले. टीव्हीच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बघायचं ते क्वालिटीकडे. डिजिटल प्रक्षेपणात चुका दुरुस्त करायची सोय आधीच घातलेली असते, त्यामुळे सिग्नल खराब होत गेला तरी चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, आणि दुरुस्तीची ताकद संपली की एकदम कोसळतं. म्हणजे स्वच्छ चित्र बघून तुम्ही काठापासून किती लांब उभे आहात ते कळत नाही. क्वालिटीचा आकडा मात्र ते सांगतो. अँटेना थोडा हलवा, पाच-सात सेकंद थांबा, आकडा वाचा, मग पुन्हा हलवा. बाबा माळ्यावर, मी खाली टीव्हीसमोर, आणि मध्ये फोन चालू. घाई केली की फसतं, कारण टीव्हीला नवा आकडा दाखवायला वेळ लागतो.

मोजायचं कुठे? एमली मूरहून चॅनेलांचे सहा गठ्ठे येतात, त्यांना मल्टिप्लेक्स म्हणतात. टीव्हीच्या लाटांच्या पट्ट्यातल्या (यूएचएफ) त्यांच्या जागा अशा: 47, 44, 41, 33, 36 आणि 48. हे रिमोटवरचे नंबर नव्हेत, हाताने ट्यून करताना टाकायचे आहेत. पहिल्या तिन्हींवर बीबीसी, आयटीव्ही, चॅनेल 4 असे मुख्य चॅनेल आणि एचडी. उरलेल्या तिन्हींवर व्यापारी चॅनेल. या व्यापारी गठ्ठ्यांत जास्त चॅनेल कोंबण्यासाठी दुरुस्तीचा हिस्सा कमी ठेवलेला असतो. म्हणून बीबीसी ठणठणीत आणि जुन्या मालिकांचे चॅनेल तुटतायत, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. मी 33 आणि 48 या दोन टोकांवर क्वालिटी बघते. दोन्हीकडे चांगली आली की मधले चार बहुतेकदा आपोआप येतात.

चिमणीवर चढू नका, हे मी हात जोडून सांगते. इथली स्लेटची कौलं ओली असताना साबणासारखी निसटतात. छपरावरचं काम माहितगार माणसाला पैसे देऊन करून घ्यावं. स्वतः करायचं असेल तर माळा बरा. कौलं निम्म्याहून जास्त सिग्नल खाऊ शकतात, पण मधे टेकडी नसेल तर इतक्या अंतरावर बहुतेकदा तेवढं परवडतं. छतावर सोलर पॅनेल असतील किंवा कौलांखाली चंदेरी फॉइलचा थर असेल तर मात्र माळ्याचा नाद सोडा.

माळ्यावर पाण्याची टाकी, तांब्याचे पाइप, विजेच्या वायरी असतात आणि त्यांवरून लाटा उलटतात. या लाटांची लांबी साधारण अर्धा मीटर, म्हणून अँटेना हातभर सरकवला तरी चित्र पालटू शकतं. आमच्याकडे तुळईला टेकवून लावला तेव्हा 48वर क्वालिटी निम्मी होती. तिथून दोन फूट पुढे आणि फूटभर वर नेला आणि आकडा जवळजवळ भरला. दिशा तीच, फक्त जागा वेगळी. हे कुठल्याही पुस्तकी हिशोबाने आधी कळलं नसतं.

विकत घेताना लॉग-पीरिऑडिक जातीचा अँटेना घ्या. दिसायला छोटा, पण सगळ्या जागांवर सारखा चालतो. वायर तांब्याच्या जाळीची आणि शिवाय तांब्याच्या फॉइलची, अशी दुहेरी आवरणाची घ्या. दहा मीटरला साधारण 2 डेसिबल जातात, ते ठीक. खरं नुकसान होतं ते सैल प्लगमध्ये, वायर कोनात मुडपली तिथे आणि छपरातून पाणी शिरलं तिथे. हिरवट पडलेलं तांबं दिसलं की तेवढा तुकडा कापून टाका.

आता बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी. दुकानात पहिली हीच वस्तू हातात देतात. आमच्या चपट्या अँटेनालाही एक होता. खरखरणाऱ्या लाउडस्पीकरचा आवाज वाढवला की भजनासोबत खरखरही वाढते, तसंच हे. स्ट्रेंथ वाढलेली दिसते आणि क्वालिटी जागची हलत नाही. उलट मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांकडे सिग्नल इतका जास्त होतो की ट्यूनर गोंधळतो, आणि बूस्टर काढला की चित्र येतं. दोन-तीन खोल्यांत वायर वाटायची असेल किंवा ती फार लांब न्यायची असेल तरच तो घ्या, आणि तोही अँटेनाजवळ बसवा, टीव्हीमागे नको. मोबाइलचा टॉवर अगदी जवळ असेल तर एक छोटा फिल्टर लागू शकतो, कारण टीव्हीची हद्द 694 मेगाहर्ट्झला संपते आणि 703पासून 5जीची सुरू होते.

शेवटी ट्यूनिंग. बातम्यांत लीड्सच्या ‘लुक नॉर्थ’ऐवजी मँचेस्टरकडचा ‘नॉर्थ वेस्ट टुनाइट’ दिसला, आणि आपला चॅनेल 800च्या पुढे जाऊन बसला, तर टीव्हीने पेनाइन्सच्या डोंगररांगेपलीकडचा विंटर हिलचा मनोरा आधी पकडलाय. सगळं पुसा आणि वरचे सहा आकडे हाताने टाका. पण उन्हाळ्यात हवेचा दाब जास्त असताना लांबलांबचे सिग्नल इथवर येतात आणि ठीक चाललेलं चित्रही बिघडतं. तेव्हा काही म्हणजे काही रीट्यून करू नका. चांगले साठवलेले चॅनेल तेवढ्यात पुसले जातात. एक-दोन दिवस थांबा.

काम झालं की सहाही जागांची क्वालिटी कागदावर तारखेसह लिहा आणि तो टीव्हीच्या मागे चिकटवा. आमच्या कागदावर बाबांचं अक्षर आहे: 23 जुलै 2023, खाली सहा आकडे, शेजारी बाणाने दिशा. परवा चित्र तुटलं तेव्हा मी तो काढून ताडून बघितला. फक्त 33 आणि 36 खाली गेले होते. दिशा हलली असती तर सगळेच आकडे उतरले असते, म्हणजे ती हलली नव्हती. माळ्यावर जाऊन बघितलं तर प्लगमधली जाळी सुटली होती.