खोल खड्ड्यातला स्पार्क प्लग रबरी नळीने लावा
इंजिन पूर्ण गार होईपर्यंत प्लगला हात लावू नका. ॲल्युमिनियमच्या हेडमधले (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) आटे गरम असताना सहज सोलतात. जुना प्लग काढण्याआधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तळाशी साचलेली माती थेट सिलिंडरमध्ये. नवा प्लग वरून सोडायचा नाही, आपटून गॅप (टोकाशी ठिणगी पडते ती फट) मिटतो. वीतभर रबरी पेट्रोल नळी घ्या, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर घट्ट बसेल अशी, आणि ती चिमटीत धरून फिरवा. आटा तिरका लागला तर नळी नुसती घसरते. पाना मात्र मुकाट आटे कापत जातो. अडलं की उलटं फिरवा, बारीकसा ‘टक्’ जाणवला की पुन्हा सुलट. वॉशर टेकल्यावरच पाना लावायचा: वॉशरवाला नवा प्लग साधारण अर्धा फेरा, जुनाच परत बसवत असाल तर त्याहून बराच कमी.