अननस-नारळ केक: या चुका टाळा

अननसाचा केक बसला की पहिला दोष ओव्हनला, दुसरा बेकिंग पावडरीला. प्रत्यक्षात घोळ असतो तो पाण्याचा. अननसात पाणी, ओल्या नारळात पाणी, आणि करणाऱ्याला घाई.

आठ इंची गोल टिनासाठी प्रमाण धरा: मैदा 150 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, अंडी 2, तेल 60 मिलि, शिजवलेला अननस 200 ग्रॅम, बेकिंग पावडर 1 छोटा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. ओव्हन 170 अंशांवर. वाटीने मोजणाऱ्यांनी निदान अननस तरी वजनावर घ्यावा, कारण वाटीत रस किती आणि गर किती ते कोणालाच कळत नाही.

पीठ मुरत ठेवणं

गोव्यात ही चूक नवशिक्यांपेक्षा सुगरणीच जास्त करतात. कारण सवय बातची, म्हणजे गोव्याच्या रवा-नारळाच्या केकची! बातचा रवा आणि नारळ रात्रभर भिजला तरच चांगला फुलतो, तेव्हा अननसाचं पीठही मुरलं तर बरंच, असा हिशेब. फोंड्याकडच्या एका काकूंनी नातवाच्या वाढदिवसासाठी आदल्या रात्री पीठ कालवून झाकून ठेवलं. रात्री वर छान बुडबुडे होते. सकाळी बुडबुडे गायब, पीठ सैल आणि कडेने पाणी सुटलेलं. भाजल्यावर दोन बोटं जाडीची चिवट वडी निघाली. काकूंनी बेकिंग पावडरीचा डबा फेकला, नवा आणला आणि दुसऱ्यांदाही पीठ रात्रभरच ठेवलं. निकाल तोच.

अननस आंबट, सोडा अल्कली. दोघं भेटले की गॅस तिथल्या तिथे सुटायला लागतो. तो टिनात, ओव्हनच्या उष्णतेत सुटायला हवा, पातेल्यात नव्हे. म्हणून क्रम असा: आधी ओव्हन लावा, 15 मिनिटं तापू द्या, टिनाला तेल आणि कागद लावा. मग अंडी-साखर फेटून त्यात तेल आणि अननस घाला. चाळलेला मैदा, पावडर, सोडा सगळ्यात शेवटी. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा आणि टिन लगेच आत. मधे फोन आला तर वाजू द्या.

कच्चा अननस तसाच घालणं

ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन असतं. बिनअंड्याच्या केकमध्ये दही किंवा दूध असेल तर कच्च्या अननसाबरोबर ते कडवट होतं, आणि मग ‘अननसच खराब निघाला’ म्हणून फळवाल्याला बोल लावतात. उकळी फुटली की ब्रोमेलेन निकामी होतं. 300 ग्रॅम अननस मधला दांडा काढून वाटाण्याएवढा चिरा. त्यात 2 मोठे चमचे साखर घालून स्टीलच्या पातेल्यात 8-10 मिनिटं शिजवा, साधारण 200 ग्रॅम उरेपर्यंत. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबटाने धातूची चव उतरते. पूर्ण गार झाल्यावरच पिठात. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो फक्त चाळणीत 10 मिनिटं निथळा आणि पिठातली साखर 30 ग्रॅम कमी करा.

मिक्सरला लावू नका. फेसाळ लगदा होतो आणि केकचा मधला भाग शेवटपर्यंत ओला राहतो.

नारळाचं टॉपिंग

आदोळीवर (खवणीच्या विळीवर) खवलेला ताजा नारळ थेट केकवर भुरभुरवला की दिसतो सुंदर. मे महिन्यात तोच केक रात्रभर झाकून बाहेर ठेवा, सकाळी झाकण काढताच आंबूस वास येईल. ताजाच नारळ हवा असेल तर तो आधी परता: 150 ग्रॅम खव, 60 ग्रॅम साखर, 1 चमचा तूप, मंद आचेवर 8-10 मिनिटं. पातोळ्यांच्या चुनासारखा, म्हणजे नारळाच्या गोड सारणासारखा, गोळा व्हायला लागला की उतरवा. तरीही हा केक त्याच दिवशी संपवावा, उरला तर फ्रिजमध्ये.

सोपा मार्ग डेसिकेटेड खोबऱ्याचा, आणि इथे शॉर्टकटला आमची हरकत नाही. लोणी 40 ग्रॅम, साखर 50 ग्रॅम, दूध 4 मोठे चमचे उकळा, 75 ग्रॅम खोबरं घालून 2 मिनिटं ढवळा. सुरुवातीपासून वर पसरलंत तर खोबरं जळतं आणि खालचं पीठ कच्चं राहतं. केक 28-30 मिनिटं भाजून मधला भाग डुलायचा थांबला की टिन बाहेर काढा, टॉपिंग चमच्याने हलकेच पसरा, आणखी 8-10 मिनिटं भाजा. मधे अजून डुलत असेल तर टॉपिंग बुडतं. कडा बदामी झाल्या की पुरे, सगळं टॉपिंग तांबूस व्हायची वाट बघू नका.

बाकीच्या चुका

काडी ओली निघाली म्हणजे केक कच्चाच असं नाही, अननसाचा तुकडा लागला असेल. दुसऱ्या जागी टोचा.

सोडा वाढवला तर केक काळपट होतो आणि साबणासारखा लागतो.

पावसाळ्यात बेकिंग पावडर ओल धरते. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर टाकून द्या.

अननसाचा इसेन्स पाव चमच्यावर गेला की केक गोळीसारखा लागतो.

आणि गरम केक कापणं! टॉपिंग सुरीला चिकटून सगळं साल निघतं. निदान दीड तास थांबा, मग दातेरी सुरीने, खोबऱ्याची बाजू वर ठेवून, दाब न देता करवत चालवल्यागत कापा.