रेंजफाइंडर घेताना मॅग्निफिकेशन कसं ठरवावं

जुना फिल्म रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकांवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा, घ्यायला निघालेला माणूस शटर वाजवून बघतो, लेन्स उजेडात धरून बुरशी शोधतो, लाइट मीटर चालतो का विचारतो. व्ह्यूफाइंडरच्या मॅग्निफिकेशनचा ०.७२ किंवा ०.८५ हा आकडा मात्र फारसा कुणी मनावर घेत नाही. मीटर बंद असला तर वेगळा हातात धरता येतो, शटर दुरुस्त होतं. हा आकडा कॅमेऱ्याबरोबर कायमचा येतो, म्हणून तो आधी ठरवावा.

१.० म्हणजे उघड्या डोळ्यांना दिसतं तेवढंच आत दिसणार. ०.७२ म्हणजे त्याच्या ७२ टक्के. चित्र लहान झालं की आजूबाजूचं जास्त मावतं आणि वाइड लेन्सची फ्रेमलाइन, म्हणजे फोटोत किती येणार ते दाखवणारी चौकट, आत बसते. पण मधल्या फोकस पॅचमधल्या दोन प्रतिमा जुळवणं तेवढंच जड जातं.

१. रोजची लेन्स ठरवा

कधीतरी घ्यायची म्हणून मनात असलेली लेन्स सोडा, कॅमेऱ्यावर रोज कुठली राहणार ते बघा. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या बोळांत किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेत फिरणार असाल तर २८ किंवा ३५ मिमी. तिथं मागं सरकायला जागाच नसते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशीची धार काढणारा हात आणि पेल्यावर आलेला फेस टिपायचा तर ५०. खासबाग मैदानात बसल्या जागेवरून कुस्ती घ्यायची तर ९०.

लायकाच्या एम मालिकेतल्या फिल्म कॅमेऱ्यांत हे गणित सरळ आहे. ०.५८ मध्ये २८ ची चौकट आरामात दिसते. ०.७२ हा ३५ साठी उत्तम. २८ ची चौकट त्यात अगदी कडेला जाते. ०.८५ मध्ये २८ ची चौकटच नाही, तो ५० आणि त्यापुढच्या लेन्ससाठी. १९५४ सालच्या एम३ चं मॅग्निफिकेशन ०.९१, आणि त्यातली सर्वांत रुंद चौकट ५० ची. एम३ वर ३५ लावायची तर गॉगल, म्हणजे फाइंडरसमोर येणाऱ्या जादा काचा, लावलेली खास लेन्स शोधा, नाहीतर वर वेगळा फाइंडर बसवा. ५० वाल्यासाठी मात्र एम३ सारखं सुख नाही, हे माझं ठाम मत.

२. एक गुणाकार करा

नुसत्या मॅग्निफिकेशनवर भुलू नका. फोकस किती अचूक लागेल हे रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधल्या अंतरावरही ठरतं. त्याला बेस म्हणतात. बेस गुणिले मॅग्निफिकेशन म्हणजे खरा उपयोगी बेस.

लायका एम चा बेस सुमारे ६९ मिमी. ०.७२ ने गुणला की ५० मिमी, ०.५८ ने ४० मिमी. फोइक्टलेंडर बेसा आर३ या कॅमेऱ्याचं मॅग्निफिकेशन पूर्ण १.०, पण बेस ३७ मिमीच, म्हणजे गुणाकारही ३७. आत चित्र झकास मोठं दिसतं, तरी अचूकतेत ०.५८ चा लायका त्याच्या पुढं जातो. बेसा आर४ चं मॅग्निफिकेशन ०.५२, म्हणजे जेमतेम १९ मिमी. तो वाइड लेन्ससाठीच बनवलाय, त्याच कामाला वापरावा. झाइस इकॉनचा बेस ७५ मिमी आणि मॅग्निफिकेशन ०.७४; गुणाकार ५५ च्या वर जातो.

आपल्याला किती लागेल? फोकल लेंथचा वर्ग करा आणि लेन्सच्या एफ नंबरनं भागा. हा आकडा बेसचे मिमी नव्हेत, लेन्सची आपसांत तुलना करण्यापुरता आहे. ३५ एफ/२ ला ६१२ येतात, ५० एफ/१.४ ला १७८६, ९० एफ/२ ला ४०५०. म्हणजे पूर्ण उघड्या अपर्चरला ५० एफ/१.४ ची मागणी ३५ एफ/२ च्या जवळजवळ तिप्पट आणि ९० एफ/२ ची साडेसहा पट. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर नुसत्या पणत्यांच्या उजेडात फुल ओपन काढणाऱ्यानं हे डोक्यात ठेवावं. भर उन्हात एफ/८ वर काढणाऱ्यानं विसरलं तरी चालेल.

३. चष्मा लावूनच बघा

चष्म्यामुळं डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि चौकटीच्या कडा दिसेनाशा होतात. त्यामुळं चष्मेवाल्यानं एक पायरी खालचं मॅग्निफिकेशन धरावं. ३५ वापरायची असेल तर ०.५८ चाही विचार करावा. फक्त दूरचा नंबर असेल तर फाइंडरला त्या नंबराची काच लावता येते. झोर्की ४ या सोव्हिएत कॅमेऱ्यात तर त्यासाठी छोटी दांडीच दिली आहे.

४. दुकानाबाहेर या

दुकानदार “घेऊन जावा की, काय होत नाही” म्हणाला तरी कॅमेरा उजेडात न्या. आपल्या लेन्सची चौकट लावा आणि डोळा न हलवता चारही कोपरे एकदम दिसतात का बघा. डोळा फिरवावा लागला तर ते मॅग्निफिकेशन तुमच्यासाठी नाही. मग लेन्स अनंतावर ठेवून दूरचा खांब बघा. रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरचा चालेल. पॅचमध्ये एकच खांब दिसायला हवा. शेजारी दोन दिसले किंवा एक प्रतिमा वर, एक खाली असली तर रेंजफाइंडर हललेला आहे. तो जुळवून घेता येतो, पण किंमत तेवढी पाडून मागा.

५. अडलंच तर मॅग्निफायर

०.७२ घेतला आणि पुढं ९० चा नाद लागला, तर १.२५ पटीचा मॅग्निफायर मिळतो, ०.७२ चे ०.९ होतात. मोठं करण्याची ही सोय आहे, पण मोठा फाइंडर लहान करायची अशी सोपी सोय नाही. म्हणून दोन आकड्यांत अडकलात तर लहान घ्या. मॅग्निफायर लावल्यावर वाइडच्या चौकटी बाहेर जातात; ३५ लावायच्या आधी तो काढून खिशात टाकायचा.